वाचक विचारतात : पहिला थेंब, शेवटचा कण

या महिन्याच्या टपालात द्रवणांकाचीच, म्हणजे पदार्थ कुठल्या तापमानाला वितळतो त्याचीच, पत्रं जास्त. दोष माझाच. गेल्या अंकात थर्मामीटर कसा तपासावा याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यांतली एक ओळ बेळगावात बसून मुंबईची लिहिली. तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : तुमचं वाचून आमच्या शाळेतले पाच थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून बघितले. बर्फात सगळे 0 दाखवतात. उकळत्या पाण्यात मात्र पाचही साडेसत्त्याण्णवच्या आसपास जाऊन थांबतात, पुढे हलतच नाहीत. तुम्ही तर 100 लिहिलं होतं. शिपाईमामांनी पाचही टाकायच्या खोक्यात काढून ठेवलेत. टाकू का?
— विज्ञान शिक्षिका, अनगोळ

बाई, आधी मामांना थांबवा. थर्मामीटर चांगले आहेत, वाईट माझी ओळ होती. पाणी 100ला उकळतं ते समुद्राकाठी. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून पाणी इथे साडेसत्त्याण्णवलाच उकळायला लागतं. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात तर हेच पाच थर्मामीटर निमूट 100 दाखवतील. पाच जण एकाच आकड्यावर येऊन थांबले, तर त्या पाचांवर संशय घ्यायच्या आधी सहाव्याने, म्हणजे मी, आपलं डोकं तपासायला हवं होतं.

बर्फाचं बघा, तिथे तुमचे सगळे बरोबर निघाले. वितळण्यावर हवेच्या दाबाचा परिणाम फारच थोडा. दाब दुप्पट केला तरी बर्फाचा द्रवणांक अंशाच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा सरकत नाही. म्हणून एखाद्या शुद्ध पदार्थाचा द्रवणांक कणकुंबीत काढा, गोकाकात काढा किंवा जर्मनीत काढा, आकडा तोच. उत्कलनांक लिहिताना शेजारी दाब लिहावा लागतो. द्रवणांकाला ती कटकट नाही आणि रसायनाची ओळख पटवायला तो इतका सोयीचा पडतो त्याचं हे एक मोठं कारण.

वरच्या टोकाची तपासणी पाण्याऐवजी शुद्ध पदार्थांनी करा. नॅफ्थलीन 80ला, बेंझोइक ॲसिड 122ला, युरिया 133ला. युरिया शेतावरचा नको, बाटलीतला शुद्ध घ्या. मामांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : काका, नमस्कार. मी बी.एस्सी. झाले आणि खानापूरहून रोज उद्यमबागेत कामाला येते. आमच्याकडे बेंझोइक ॲसिड पोत्यांतून येतं, ते दळून, चाळून आम्ही लहान पिशव्यांत भरतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला नवीन एमएसडीएस (मालाचं सुरक्षा-पत्रक) पाहिजे आणि तिच्या नवव्या भागात द्रवणांक ‘स्वतः मोजलेला’ पाहिजे. मी थील ट्यूबमध्ये (तेल तापवायच्या, वाकड्या हाताच्या काचनळीत) तीनदा केलं. एकेका वेळेला चार-पाच मिनिटं लागतात. तिन्ही वेळा 118 ते 121 आलं. माल पाठवणाऱ्याच्या कागदावर 122.4 आहे. साहेब म्हणतात, 122.4 लिही आणि मोकळी हो. काय लिहू? आणि या एका आकड्यावरून सुरक्षितता कशी काय कळते? नाव छापू नका.
— लॅब असिस्टंट, खानापूर

नाव छापत नाही, पोरी. काळजी करू नकोस.

तुझ्या पत्रातला मला सगळ्यांत आवडलेला शब्द म्हणजे ‘ते’. 118 *ते* 121. साहेबांच्या आकड्यात ‘ते’ नाही. तू डोळ्यांनी बघितलंस म्हणून तुला दोन आकडे मिळाले. तेलात सोडलेल्या, पूड भरलेल्या बारीक नळीत काय होतं ते आठव. आधी नळीच्या आतल्या अंगाला दवासारखे थेंब धरतात. मग पूड आकसते, काचेपासून सुटते. मग खचते. मग वर पातळ थराची वाटी दिसते आणि तिच्याखाली अजून पांढरं शिल्लक असतं. शेवटी तो उरलेला कण वितळून सगळं काचेसारखं होतं. पहिला थेंब दिसला ते एक तापमान, शेवटचा कण गेला ते दुसरं. दोन्ही लिहायची. पदार्थ शुद्ध आणि कोरडा असेल तर या दोघांत अर्धा-एक अंशाचं अंतर पडतं. भेसळ किंवा ओल असली की पहिला थेंब लवकर येतो आणि दोघांतलं अंतर रुंदावतं. तुझं अंतर तीन अंशांचं आहे, म्हणजे काहीतरी आहे. ते मालात आहे की मोजण्यात, हे बघायचं.

मी मोजण्यापासून सुरू करीन, कारण तू स्वतःच पुरावा लिहून पाठवला आहेस. चार-पाच मिनिटं! तीसपासून एकशेवीसपर्यंत नव्वद अंश चार-पाच मिनिटांत, म्हणजे मिनिटाला वीस अंश. अगं, ही तर फोडणी झाली. शेवटच्या दहा अंशांत मिनिटाला एक अंशापेक्षा जास्त चढवायचं नाही. म्हणजे नुसते 112 ते 122 एवढ्यालाच दहा मिनिटं जातात. त्याआधी मिनिटाला तीन अंश चाललं. बर्नर हातात धरून पुढे-मागे करायचा, ट्यूबच्या वाकड्या हाताखाली. घाई केली की तेल पुढे पळतं आणि नळीतली पूड मागे राहते. तू वाचतेस ते तेलाचं तापमान, पुडीचं नव्हे.

बेंझोइक ॲसिडला आणखी एक खोड आहे. ते तापलं की न वितळताच उडायला लागतं आणि नळीच्या वरच्या थंड भागात पांढऱ्या सुया धरतं. म्हणून नळी पहिल्यापासून तेलात ठेवू नकोस. तेल 110च्या आसपास आलं की मग नळी थर्मामीटरला लावून आत सोड. पूड खलात बारीक कर, नळीत तीन मिलिमीटरच भर, आणि घट्ट बसव. मी लांब काचेच्या नळीतून ती फरशीवर सात-आठ वेळा टाकायचो. टक टक आवाज बदलला की समजायचं बसली. आणि त्याआधी पूड रात्रभर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या झाकणबंद भांड्यात, निळ्या सिलिका जेलवर ठेव. जुलैत आपल्याकडे पापड वाळत नाही, तिथे पोत्यातली पूड वाळेल होय?

आता दुसरी गोष्ट, जी कॉलेजात एकदा सांगतात आणि सगळे विसरतात. तुझा थर्मामीटर पाऱ्याचा असणार आणि तो पूर्ण बुडवून वापरायचा म्हणून आखलेला असणार. थील ट्यूबमध्ये मात्र त्याचं बूड आणि थोडी दांडीच तेलात असते, बाकीचा पारा बाहेर गार हवेत उभा. गार पारा कमी फुगतो, म्हणून थर्मामीटर खरं तापमान असतं त्यापेक्षा कमी दाखवतो. किती कमी, ते काढता येतं. समज, 20च्या खुणेपर्यंत दांडी बुडाली आहे आणि वाचन 120 आलं. म्हणजे 100 अंशांचा पारा बाहेर. त्या बाहेरच्या दांडीच्या मध्यावर दुसरा साधा थर्मामीटर दोऱ्याने बांध, तो समज 40 दाखवतो. मग 0.00016 गुणिले 100 गुणिले (120 वजा 40). उत्तर 1.28. तेवढं वाचनात मिळवायचं. ते 0.00016 म्हणजे पारा आणि काच यांच्या फुगण्यातला फरक.

तुझ्या आकड्यांना हे लावून बघ. 118चे झाले 119.3 आणि 121चे झाले 122.3. शेवटचा कण जवळजवळ पुस्तकातल्या जागेवर येऊन बसला! आता उरला तो लवकर आलेला पहिला थेंब. तो ओलीचा आहे की भेसळीचा, ते वाळवलेल्या पुडीवर सावकाश केलेलं वाचन सांगेल. माझा अंदाज ओलीचा. पण मी तुझं पोतं पाहिलेलं नाही.

अजून एक खात्री करून घे, स्वस्तातली. बाटलीतलं शुद्ध बेंझोइक ॲसिड आणि तुमचा माल निम्मा-निम्मा खलात घोटून त्या मिश्रणाचा द्रवणांक काढ. खाली आला नाही तर दोन्ही पदार्थ एकच. खाली आला तर माल दुसराच किंवा घाण आहे. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड, दोन्ही वेगवेगळे असताना 133च्या आसपास वितळतात. एकत्र घोटले की त्याच्या कितीतरी आधी ओले होतात. आम्ही पोरांना हा प्रयोग मुद्दाम द्यायचो. एकेकाचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

काय लिहायचं? वाळवून, सावकाश करून, दुरुस्ती मिळवून जे येईल ते, दोन्ही टोकांसह. शेजारी पद्धत : केशनलिका (म्हणजे ती बारीक नळी), पॅराफिन तेलाचं बाथ, दांडीची दुरुस्ती केली आहे. नमुन्याचा बॅच नंबर आणि तारीख. आणि साहेब अगदीच चुकीचं बोलतात असंही नाही. शुद्ध पदार्थाचा ग्रंथातला आकडा एमएसडीएसमध्ये देता येतो. पण मग ‘ग्रंथातून घेतला’ असं तिथे लिहायचं. गिऱ्हाइकाने ‘स्वतः मोजलेला’ मागितला असताना छापील आकडा आपला म्हणून द्यायचा, आणि खाली सही तुझी? ते मला तरी मान्य नाही. त्यांना सांग, दोन्ही आकडे देऊ. असं सांगितलं की साहेब लोक बहुधा मानतात.

आता तुझा मोठा प्रश्न, या आकड्याचा आणि सुरक्षिततेचा संबंध. एक तर, पदार्थाला ‘घन’ म्हणायचं की ‘द्रव’ हेच आधी त्यावरून ठरतं. जगभर वापरतात त्या वर्गीकरणात 20 अंशांवर रेघ आहे. सर्वसाधारण दाबाला ज्याचा द्रवणांक 20 किंवा त्याच्या खाली, तो द्रव. त्यावर पुढच्या कसोट्या अवलंबून. द्रव असेल तर ज्वलनबिंदू, पेट घेणारी वाफ, सांडल्यावर कुठवर पसरेल. घन असेल तर धूळ. तुमचा पदार्थ 122चा, म्हणजे तुमच्या शेडमध्ये धोका पातळ होऊन सांडण्याचा नाही, बारीक पुडीचा आहे. बेंझोइक ॲसिडची धूळ हवेत दाट झाली तर पेट घेते, डोळ्यांना वाईट झोंबते. पल्व्हरायझरच्या, म्हणजे दळायच्या यंत्राच्या, खोलीत चष्मा न लावता कोण फिरतं ते तुला माहीत असेलच.

दुसरं, काय मोजायची गरज *नाही* हेही तो सांगतो. युरोपच्या रीच कायद्यात वर्षाला एक टनापासून वर माल असला तर नोंदणी लागते आणि द्रवणांक अगदी पहिल्या यादीत येतो. तिथे द्रवणांक 300च्या वर गेला तर बाष्पदाब मोजायची सक्ती राहत नाही, 200 ते 300च्या मध्ये असेल तर नुसती मर्यादा दाखवून भागतं. उलट टोकाला, उणे 20च्या खाली कुठे गोठतो ते नेमकं शोधत बसायला लावत नाहीत. मोजायचं कसं, ते ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या 102 नंबरच्या मार्गदर्शिकेत आहे. ती 1981ची, 1995मध्ये सुधारली. मी वर सांगितलेले मिनिटाला तीन आणि मग एक अंश तिच्यातलेच. आपल्याकडे 1989च्या घातक रसायनांच्या नियमांतल्या नवव्या परिशिष्टात सुरक्षा-पत्रकाचा नमुना दिलाय, द्रवणांकाचा रकाना त्यातही आहे.

तिसरं म्हणजे मालाची ओळख. पोत्यावर लिहिलेलं आणि पोत्यात असलेलं एकच आहे का? सगळं सुरक्षा-पत्रक त्या एका गृहीतावर उभं असतं. पण हेही ध्यानात ठेव की आकडा जुळला म्हणजे ओळख पटलीच असं नव्हे. पिक्रिक ॲसिडसुद्धा 122च्या आसपासच वितळतं, आणि ते स्फोटक आहे. म्हणून ज्याचं नाव-गाव माहीत नाही ते नळीत भरून तापवायचं नाही. नावात नायट्रो, ॲझाइड, पेरॉक्साइड असं काही दिसलं तर थील ट्यूबच्या वाटेलाच जाऊ नकोस. तिथे डीएससी यंत्र लागतं, तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो-टाकतो ते मोजणारं. ॲल्युमिनियमच्या इवल्याशा वाटीत दोन-चार मिलिग्रॅम. वितळताना पदार्थ उष्णता घेतो आणि विघटन होताना बहुतेक वेळा टाकतो, ती किती टाकतो ते आलेखावर उलट्या दिशेच्या डोंगरासारखं दिसतं. काचेच्या नळीत आपल्याला नुसतं काळं पडलेलं दिसणार. त्या काळ्यामागे किती जोर आहे, ते दिसत नाही.

माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. 1986चा. मी एका कॉलेजात नवा डेमॉन्स्ट्रेटर होतो. थील ट्यूब धुतली, पालथी घातली, आणि पोरं दारात उभी म्हणून न वाळवताच पॅराफिन ओतलं. तळाशी दोन थेंब पाणी राहिलं होतं, तेलाखाली दिसलं नाही. तेल शंभरच्या पुढे गेलं तशी त्या पाण्याची एकदम वाफ झाली आणि गरम तेल तोंडातून उसळून बाहेर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. पहिल्या बाकावरच्या मुलीची ओढणी थोडक्यात वाचली. तेव्हापासून कुणाची ट्यूब हातात आली की मी आधी ती उजेडाकडे धरून बघतो. तुझीही धरून बघ.

आणि एक काम माझ्यासाठी कर. ती एमएसडीएस इंग्रजीत असणार, भिंतीवरचा फलक कन्नडमध्ये. पिशव्या भरणाऱ्या बायका नंदगड-गर्लगुंजीकडच्या असतील तर त्यांना मराठी वाचता येतं. ‘धूळ उडवू नका, डोळ्यांना लागली तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा’ एवढं मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून लाव. कुणाला विचारावं लागत नाही त्याला. मी माझ्या लॅबमध्ये तिन्ही भाषांत लिहायचो, माझ्या कन्नड अक्षराला सगळे हसायचे, पण वाचायचे.

प्रश्न : मास्तर, आमची वडगावात सूत रंगवायची जागा आहे. ॲसेटिक ॲसिडचा कॅरबॉय (मोठी बाटली) गेल्या थंडीत सकाळी बघितला तर दगड झालेला. आदल्या रात्री तर पातळ होता. पोराने उचलून ठेवला आणि म्हणाला, हातातच गोठला. मी म्हटलं काहीतरी सांगतोस. मग त्याने शेगडी जवळ आणून ठेवली, मी ओरडलो म्हणून काढली. मी ओरडलो ते बरोबर की चूक? आणि हा माल घन म्हणायचा की पातळ? ट्रान्सपोर्टवाला विचारतो.
— रंगारी, वडगाव

अण्णा, बरोबर ओरडलात. आणखी जोरात ओरडलात तरी चाललं असतं.

शुद्ध ॲसेटिक ॲसिडचा द्रवणांक 16.6. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो, तेव्हा ते गोठणारच. इंग्रजीत त्याला ‘ग्लेशियल’ म्हणतात ते या बर्फासारख्या दिसण्यामुळेच. आणि पोरगं खोटं बोलत नव्हतं. हे ॲसिड द्रवणांकाच्या खाली जाऊनही कधीकधी पातळच राहतं, आणि जरा हललं, धक्का लागला की डोळ्यांदेखत गोठतं. म्हणूनच प्रयोगशाळेत पदार्थ गोठताना बघण्यापेक्षा वितळताना बघणं जास्त भरवशाचं. गोठायला तो टाळाटाळ करतो, वितळायला करत नाही.

शेगडी का नको? या ॲसिडची वाफ सुमारे 40 अंशांपासून पेट घेण्याजोगी होते. 16ला वितळतं आणि 40ला पेट घेऊ शकतं, मध्ये अंतर किती? आपल्या एप्रिलमधल्या दुपारएवढं. शिवाय गोठताना हे आकसतं आणि वितळताना फुगतं, पाण्याच्या अगदी उलट. म्हणून तोंडापर्यंत भरलेला, बूच गच्च लावलेला कॅरबॉय एका बाजूने तापवला तर फुटतो, आणि फुटला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमचे हातच सांगतील.

करायचं असं. बूच थोडं सैल करा. कॅरबॉय मोठ्या टपात उभा ठेवून भोवती कोमट पाणी घाला, हाताला सुखद लागेल एवढंच, उकळतं नको. किंवा नुसता उन्हाच्या बाजूच्या खोलीत आणून ठेवा, दुपारपर्यंत सुटतो. दारं-खिडक्या उघडी, हातमोजे, चष्मा. विडी बाहेर. वितळल्यावर सगळं एकदा हलवून एकजीव करा. ॲसिडात पाणी असेल तर निम्मं वितळलेलं काढून घेतलंत की वरचं आणि खालचं सारख्या ताकदीचं राहत नाही आणि रंग कमी-जास्त बसतो. पुढच्या थंडीला कॅरबॉय उत्तरेच्या भिंतीला ठेवू नका, झालं.

ट्रान्सपोर्टवाल्याला सांगा : द्रव. तुमच्या खोलीत सकाळी तो दगड दिसला तरी कागदावर द्रवच, कारण 16.6 हे 20च्या खाली येतं. त्याचा यूएन नंबर, म्हणजे धोक्याच्या मालाला जगभर देतात तो नंबर, 2789, मुख्य धोका कातडी जाळणारा, जोडीला पेट घेणारा.

प्रश्न : ट्रंकेत इरकली साड्यांमध्ये डांबरगोळ्या ठेवते. यंदा बाजारातून आणलेल्या गोळ्या जुन्यांसारख्या वाटत नाहीत, वास वेगळा येतो. कापराच्या आहेत, डांबराच्या आहेत की तिसऱ्याच? नातू इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, आजी, पळीत घालून गॅसवर वितळवून बघू, थर्मामीटर लावतो, लगेच कळेल. करू दे का त्याला?
— आजी, निपाणी

आजी, नको. नातवाचं डोकं बरोबर दिशेला चाललंय, पळी चुकीची आहे. डांबरगोळी, म्हणजे नॅफ्थलीन, 80 अंशांना वितळते आणि तिची वाफही जवळजवळ त्याच तापमानाला पेट घेण्याजोगी होते. म्हणजे पळीत पातळ झाली की खाली ज्योत तयारच आहे. उघड्या पळीत वास घरभर होईल तो निराळा.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या मिळतात त्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या, 53 अंशांना वितळणाऱ्या. कापूर पावणेदोनशेच्याही पुढे जातो, आणि तो तर वितळण्याआधीच उडून जातो. त्याचा द्रवणांक काढताना नळीची दोन्ही तोंडं बंद करावी लागतात. तेव्हा आकड्यांनी तिघं सहज ओळखू येतात, पण ते काम बंद नळीतलं, घरच्या गॅसवरचं नव्हे.

नातवाला हे करू दे. एका ग्लासात साधं पाणी घ्या. दुसऱ्यात मीठ घालून हलवत राहा, इतकं की शेवटी तळाशी मीठ न विरघळता राहील. गोळी साध्या पाण्यात तरंगली तर कापूर. साध्या पाण्यात बुडाली पण मिठाच्या पाण्यात तरंगली तर नॅफ्थलीन. दोन्हीत बुडाली तर पॅराडायक्लोरोबेंझीन. गोळीवर हवेचे बुडबुडे चिकटले तर काडीने पुसून पुन्हा सोडायची. पाणी मग मोरीत ओता आणि ग्लास पुन्हा पाणी प्यायला वापरू नका.

दोन जातीच्या गोळ्या एकाच ट्रंकेत मिसळू नका. कधीकधी त्या एकमेकींच्या संगतीने लवकर ओल्या होतात आणि साडीवर डाग पडतो. वर खानापूरच्या मुलीला जे मिश्रणाचं सांगितलं तेच हे, रेशमावर घडलेलं. घरात तान्हं बाळ येणार असेल तर त्याचे कपडे, दुपटी डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढून सरळ अंगावर घालू नका. काही बाळांच्या रक्तातच एक उणीव असते, त्यांना नॅफ्थलीन फार बाधतं, कावीळ होते. आधी धुऊन दोन दिवस उन्हात. इरकलीला मात्र ऊन कडक नको, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे...

प्रश्न : सर, साखरेचा द्रवणांक पुस्तकात 186 आहे. मी विचारलं गुळाचा किती, तर वर्गात सगळे हसले. आमचं गुऱ्हाळ आहे. तिथे गुळव्या म्हणतो 118 आला की काढायचं. मग गुळाचा द्रवणांक 118 का?
— दहावी, चिकोडी तालुका

हसणाऱ्यांना उत्तर येत नव्हतं, म्हणून हसले.

118 हा द्रवणांक नव्हे, कढईतला रस त्या वेळी ज्या तापमानाला उकळतोय ते आहे. पाणी जसजसं उडतं तसतसा पाक दाट होतो आणि उकळायचं तापमान चढत जातं. 118च्या आसपास इतकंच पाणी उरतं की गार झाल्यावर ढेप धरते. थर्मामीटर नव्हता तेव्हा गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळून बघायचा, तीही मोजणीच होती. तुमचा अजून बघत असेल.

गुळाला एक द्रवणांक नाही. त्यात साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी, क्षार असं बरंच आहे, त्यामुळे तो आधी मऊ होतो, मग चिकट, मग पातळ, आणि कुठल्या क्षणी वितळला ते बोट ठेवून सांगता येत नाही. आणि साखरेचा 186 हा आकडाही डोळे मिटून घेऊ नकोस. साखर वितळता वितळताच मोडायला लागते, तांबडी होते, जळका गोड वास सुटतो. सावकाश तापवली तर कमी तापमानाला पातळ होते, भरभर तापवली तर जास्त. म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत 160पासून 190पर्यंत आकडे सापडतात आणि खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी सुरक्षा-पत्रकात आकड्यापुढे ‘विघटनासह’ लिहितात.

परीक्षेत 186 लिही, आणि पुढे कंसात ‘विघटनासह’ असं घाल. गुण कापले तर हा अंक सरांना दाखव. तरी नाही दिले तर मला कळव, मी येतो. तेवढ्यासाठी नाही तर गुऱ्हाळावर काकवी खायला तरी येतोच.